नैर्ऋत्य कोपऱ्यातून

आमच्या दाजींचा दोन गोष्टींवर विश्वास नाही. एक हवामान खात्याचा अंदाज आणि दुसरी सरासरी. पहिलीच्या बाजूने मी कधी भांडले नाही. दुसरीवर मात्र माझं घर चालतं. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. त्यामुळे पीक विम्याचे आकडे जाहीर झाले की दाजींचा सगळा राग माझ्यावर निघतो. "मॅडम, माझ्या रानात एकानंही पाय ठेवला नाही. मग माझं सोयाबीन हेक्टरी किती झालं ते कागदावर आलं कुठून?"

नमुना निवडीचा सिद्धांत शिकवताना मी नाना तऱ्हेचे प्रश्न काढते, पण इतका नेमका प्रश्न मला पेपरात काढता आलेला नाही. त्याचं सरळ उत्तर असं की दाजी, कागदावर आलंय ते तुमचं सोयाबीन नाहीच. ते मंडळाचं, म्हणजे काही गावं मिळून होणाऱ्या महसूल मंडळाचं आहे. तुमच्या रानाबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. पण एवढं बोलून गप्प बसणं शहाजोगपणाचं होईल, कारण पैसे त्याच आकड्यावरून तुमच्या खात्यात येतात किंवा येत नाहीत. त्यातून 2025च्या खरिपापासून महाराष्ट्रात एक रुपयातला विमा बंद झाला आणि भरपाई मुख्यतः पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनावर ठरायला लागली. म्हणजे आता बहुतेक भार या एकाच आकड्यावर.

पीक कापणी प्रयोग हे नाव भारदस्त आहे, काम साधं आहे. मंडळातली गावं रँडम निवडायची, निवडलेल्या गावातले गट नंबरही तसेच. मग शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं. तिथून लांबीकडे किती पावलं जायचं आणि रुंदीकडे किती, हे यादृच्छिक, म्हणजे रँडम, आकड्यांवरून ठरतं. जिथे पाऊल थांबेल तिथे पहिली खुंटी. तिथून टेप आणि दोरी लावून प्लॉट आखायचा. पिकाप्रमाणे त्याचं माप बदलतं, कुठे 5 मीटर बाय 5 मीटर, कुठे 10 बाय 5. आतलं पीक कापायचं, ताडपत्रीवर झोडपायचं, उफणायचं, काट्यावर तोलायचं. दाण्यात ओल किती होती हे कळावं म्हणून थोडा माल वाळवून पुन्हा तोलायचा. कागदावर सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. हल्ली मोबाइलच्या ॲपमध्ये फोटो आणि ठिकाणही चढवावं लागतं.

या सगळ्यात सिद्धांत आहे तो फक्त 'जिथे पाऊल थांबेल' एवढ्यातच. बाकीची मजुरी आहे.

कारण त्या शेतात उभ्या असलेल्या प्रत्येकाला काहीतरी हवं असतं. शेतमालक म्हणतो, जरा तिकडच्या अंगाला घ्या की, तिकडं उगवणच झाली नाही. विमा कंपनीच्या पोराची नजर धुऱ्याकडच्या भरघोस पट्ट्यावर असते. कृषी सहायकाला अजून दोन गावं उरकायची असतात, आणि प्लॉट रस्त्याच्या कडेला निघाला तर त्याचे बूट चिखलातून वाचतात. तिघांचंही म्हणणं माणूस म्हणून समजण्यासारखं आहे, आणि तिघांपैकी कुणीही लबाड नसला तरी आकडा बिघडतो. म्हणून निवड तिघांच्याही हातातून काढून घ्यायची. आपण ज्याला रँडम म्हणतो ते गोंधळाचं नाव नाही. फार कडक शिस्तीचं नाव आहे. वर्गात मुलांना दहा आकडे 'मनाला येतील तसे' लिहायला सांगितले की हे लगेच दिसतं. एकच आकडा लागोपाठ दोनदा लिहायला कुणी धजत नाही. आपलं मन स्वतःहून रँडम वागूच शकत नाही, म्हणून आकड्यांची तक्ती लागतात. असं पहिलं प्रसिद्ध तक्तं टिपेट या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने 1927 साली छापलं. त्यात 41,600 अंक होते आणि ते जनगणनेच्या अहवालांतून उचललेले होते. जनगणनेचा याहून निरुपयोगी दिसणारा आणि याहून उपयोगी पडलेला वापर माझ्या माहितीत दुसरा नाही.

नमुना म्हटलं की आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा आठवतेच. पुस्तकं पहिल्याच धड्यात ती देतात आणि पुढे जातात. मला ती नेहमी अर्धवट वाटते. पातेल्यातला भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजतो, म्हणून एक शीत पुरतं. रान कोण ढवळतंय? खालच्या अंगाला पाणी साचतं, वरच्या अंगाला मुरूम लागतो, झाडाखाली सावली असते, बांधाला डुकरं येतात. रान ढवळता येत नाही म्हणून निवड ढवळायची, एवढीच या विद्येची युक्ती आहे.

ही युक्ती सुचण्याआधी काय होतं? नजर होती. जिल्ह्यात या पिकाचं 'नेहमीचं' उत्पन्न एवढं, असा एक आकडा कागदावर ठरलेला असायचा. यंदा त्याच्या किती आणे पीक आहे ते गावपातळीवरच्या माणसाने उभ्या पिकाकडे बघून सांगायचं, आणि पेऱ्याशी गुणाकार करून सरकारने उत्पादन जाहीर करायचं. आणेवारीची पुढे पैसेवारी झाली, आणि गावाची पैसेवारी 50 पैशांच्या आत आली की बाहेर, यावर आजही गावोगाव रक्त आटतं. नजरेचा अंदाज खोटाच असतो असं मी म्हणणार नाही. दाजी चालत्या मोटारसायकलवरून सोयाबीन बघून एकरी किती कट्टे होतील ते सांगतात आणि बऱ्याचदा जवळपास निघतं. पण नजर कितीने चुकते हे नजरेला सांगता येत नाही. रँडम नमुनाही चुकतोच, फक्त तो किती चुकू शकतो याचा अंदाज त्याच नमुन्यातल्या आकड्यांवरून काढता येतो. स्वतःच्या चुकीचं माप स्वतःच देणारी दुसरी विद्या मला ठाऊक नाही, आणि माझा या विषयावर जीव जडला तो याच ठिकाणी.

नजरेच्या या कारभाराला पहिला छेद देणाऱ्यांपैकी एक माणूस संख्याशास्त्रज्ञ नव्हताच. जॉन हबॅक हे आयसीएस, म्हणजे ब्रिटिश काळातल्या प्रशासकीय सेवेतले अधिकारी. 1923 ते 1925 या काळात त्यांनी बिहार-ओरिसा प्रांतात शेतातल्या जागा रँडम निवडून भात कापला आणि तोलला. इंग्लंडात रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर आधुनिक संख्याशास्त्राची पायाभरणी करत होते, त्याच वर्षांतली ही गोष्ट. आपल्या कामावर हबॅक यांचा प्रभाव पडल्याचं फिशर यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केलं. त्याच्याही आधी, 1908 साली, डब्लिनच्या गिनेस दारू कारखान्यातल्या विल्यम गॉसेट यांनी थोड्या नमुन्यांवरून सरासरीबद्दल कितपत खात्रीने बोलता येतं याचं गणित 'स्टुडंट' या टोपणनावाने छापलं होतं. बार्लीच्या जातींचे प्रयोग महाग पडायचे, नमुने मोजकेच हाती यायचे. आज औषधाच्या चाचणीपासून मानसशास्त्राच्या प्रबंधापर्यंत सगळीकडे वापरली जाणारी टी-चाचणी त्यातून आली. शेतातून आणि दारूच्या कारखान्यातून वर आलेला विषय आम्ही फळ्यावर मात्र ग्रीक अक्षरांनी सुरू करतो, आणि मग मुलं झोपतात म्हणून त्यांनाच बोल लावतो.

आता सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात 1911 साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे फर्ग्युसनमधून शिकून लंडनला गेले आणि तिथे नेमन आणि इगॉन पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांच्या सहवासात नमुना निवडीच्या सिद्धांतावर काम करू लागले. परत आल्यावर मदनमोहन मालवीयांनी त्यांना विचारलं म्हणे, की तुमच्या या विद्येचा देशाच्या प्रश्नांना उपयोग काय? त्यांना पटेल असं उत्तर सुखात्म्यांकडे तेव्हा नव्हतं, अशी गोष्ट सांगितली जाते. उत्तर पुढे 1940च्या दशकात मिळालं, तेही उभ्या पिकात.

कलकत्त्यात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी तागाच्या आणि भाताच्या मोठ्या पाहण्या उभ्या केल्या होत्या. त्यांचा भर लहान प्लॉटांवर आणि खास शिकवून तयार केलेल्या फिरत्या माणसांवर होता. लहान प्लॉट पटकन कापून होतो, म्हणून तेवढ्याच खर्चात जास्त ठिकाणी जाता येतं. सिद्धांताच्या दृष्टीने हे अगदी रास्त. सुखात्म्यांनी एकाच पिकावर वेगवेगळ्या मापांचे प्लॉट कापून बघितले. दिसलं असं की प्लॉट जितका लहान, तितकं उत्पादन फुगून येतं. पेन्सिलीने हिशेब केला तरी कारण कळतं. दोन फूट त्रिज्येचं वर्तुळ घ्या. त्याचं क्षेत्रफळ साधारण साडेबारा चौरस फूट आणि परीघही साडेबारा फूट, म्हणजे दर चौरस फुटामागे एक फूट कड. 5 मीटरच्या चौकोनात हेच प्रमाण जेमतेम पाव फूट. आणि कडेवर उभं असलेलं रोप आत धरायचं की बाहेर, हा प्रश्न विळा हातात असलेला माणूस एकाच पद्धतीने सोडवतो. आत धरतो. त्यात लबाडी नसते, हात तसा जातो.

नमुने दहाचे हजार केले की योगायोगाची चूक घटते. कडेवरच्या रोपाची चूक हजार प्लॉट कापले तरी तेवढीच राहते, उलट आकडे जास्त म्हणून आपला खोटा आत्मविश्वास वाढतो. 'डेटा मोठा आहे' असं कुणी छाती पुढे काढून सांगितलं की मला हटकून ते दोन फुटी वर्तुळ आठवतं. महालनोबिस यांचं म्हणणं पडलं की शिकवलेली माणसं असली तर लहान प्लॉटही चालतो, आणि ते अगदीच चूक नव्हतं. पण सुखात्मे आणि त्यांचे सहकारी पानसे यांनी मोठा प्लॉट आणि नेहमीचेच महसूल-शेती खात्याचे कर्मचारी हा रस्ता धरला. आपल्या तलाठ्याच्या आणि कृषी सहायकाच्या मागे टेप-दोरीचं लचांड लागलं ते तिथून.

निवड माणसाच्या हातातून काढून घेण्याची ही तऱ्हा शेताबाहेर किती लांब गेली हे सांगायला बसले तर रात्र पुरणार नाही. एकच सांगते. क्षयरोग्याला सॅनिटोरियममध्येच ठेवायला हवं, चांगलं खाणं आणि विश्रांती हवीच, अशी समजूत होती तेव्हा मद्रासमध्ये 1956 पासून एक चाचणी झाली. कोणता रोगी घरी औषध घेणार आणि कोणता सॅनिटोरियममध्ये, हे डॉक्टरांनी ठरवायचं नाही, ते रँडम ठरायचं. घरी, गर्दीच्या वस्तीत, निकृष्ट खाण्यावर राहिलेले रोगीही जवळपास तितकेच बरे झाले. डॉक्टरांच्या मायेने निवड केली असती तर जास्त आजारी माणसं सॅनिटोरियममध्ये गेली असती आणि खरं काय ते कधीच कळलं नसतं. खाटांअभावी ताटकळणाऱ्या गरीब देशांचं क्षयरोगाचं धोरण त्या निकालाने बदललं.

दाजींकडे वळायला हवं, कारण त्यांच्या रागाचा खरा धनी दुसरा सातारकर आहे. वि. म. दांडेकर, पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे अर्थतज्ज्ञ. 1976 साली त्यांनी पीक विम्यावर एक लेख लिहिला आणि त्यात मांडलं की विमा एकेका शेतकऱ्याच्या नुकसानीवर देऊ नका, सारख्या हवामानाच्या इलाक्याच्या सरासरीवर द्या. कारणं बिनतोड होती. कोट्यवधी तुकड्यांवर कोण जाऊन पंचनामे करणार? प्रत्येकाच्या मागच्या दहा वर्षांच्या उत्पन्नाची नोंद कुणाकडे आहे? आणि नुकसानीवर पैसे मिळणार असतील तर एखादा खुरपणीच करणार नाही. इलाक्याची सरासरी एकट्या शेतकऱ्याला पाडता येत नाही, त्यामुळे नीट पिकवणाऱ्याचं पीक त्याचंच राहतं. याच धर्तीवर 1979 साली पथदर्शी योजना आली, 1985 साली देशभराची आली, आणि आजच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या हाडातही हेच आहे.

हिशेब असा. समजा, आमच्या मंडळात मागच्या सात वर्षांत सोयाबीन हेक्टरी 14, 9, 16, 12, 15, 6 आणि 13 क्विंटल झालं. वाईट दोन वर्षं वगळायची, उरलेल्या पाचांची सरासरी 14. त्याच्या 70 टक्के म्हणजे 9.8 हे उंबरठा उत्पन्न; मंडळाची सरासरी याच्या खाली गेली तरच भरपाई. यंदा मंडळातल्या दहा प्लॉटांची सरासरी 8 आली. तूट 1.8, म्हणजे उंबरठ्याच्या 18 टक्क्यांहून थोडी जास्त. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी 50,000 धरली तर भरपाई 9,184 रुपये. ज्याला 13 क्विंटल झालं त्यालाही तेवढीच, ज्याच्या शेंगा पाण्यात कुजल्या त्यालाही तेवढीच.

इथपर्यंत दाजींना पाठ आहे. पुढचं मी त्यांना कागदावर करून दाखवलं. शेताशेतातला फरक, म्हणजे प्रमाण विचलन, 3 क्विंटल धरा. दहा प्लॉटांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे ती सरासरी साधारण कितीने चुकू शकते याचं माप, निघते 3 भागिले दहाचं वर्गमूळ, म्हणजे जवळजवळ 1 क्विंटल. याचा अर्थ मंडळाचं खरं उत्पादन 8 असतानाही, कुणी काडीचीही गडबड न करता, आकडा सहज 7 येऊ शकतो किंवा 9. सात आला तर भरपाई 14,286. नऊ आला तर 4,082. एकाच पावसात भिजलेल्या एकाच मंडळाची ही दोन्ही उत्तरं.

"म्हणजे मटकाच की," दाजी म्हणाले.

मटका नाही. मटक्यात लावणारा कालांतराने हरतोच. इथे चूक दोन्ही बाजूंना सारखी जाते आणि बऱ्याच वर्षांच्या, बऱ्याच मंडळांच्या हिशेबात फिटते. कंपनीकडे शेकडो मंडळं असतात, तिचं फिटतं. दाजींकडे एकच मंडळ आणि मोजके हंगाम, त्यातला एखादा पोरीच्या लग्नाचा. त्यांचं फिटेलच असं नाही. तेव्हा त्यांच्या जागेवरून पाहिलं तर तो शब्द अगदीच टाकाऊ नव्हता, आणि मी गप्प बसले.

सुखात्मे आणि दांडेकर या दोघांत सरासरीवरून एक भांडणही झालं, वेगळ्याच विषयावर. 1971 साली दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दारिद्र्य मोजलं. माणशी रोजचे 2,250 उष्मांक हा आधार धरून 1960-61च्या किमतींना त्यांनी खेड्यात महिना 15 रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी रेघ काढली, आणि खेड्यातली सुमारे 40 टक्के माणसं तिच्याखाली दाखवली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेतून निवृत्त होऊन पुण्यात आलेले सुखात्मे यावर म्हणाले की ही सरासरी गरज प्रत्येक माणसाची गरज म्हणून वापरताच येत नाही. माणसामाणसांत फरक असतोच, पण एकाच निरोगी माणसाची गरजही दिवसागणिक, आठवड्यागणिक खालीवर होत राहते आणि शरीर ते सांभाळून घेतं. म्हणून रेघ सरासरीवर न मारता दोन प्रमाण विचलनं खाली मारा. तसं केलं की उपाशी माणसांची संख्या एकदम घटते, आणि अर्थातच वादळ उठलं. दांडेकरांनी त्यांना कडाडून विरोध केला. आहारतज्ज्ञही तुटून पडले. कमी खाऊन जुळवून घेणं आणि कमी खायला लागणं यातला फरक प्रमाण विचलनाला कळत नाही, असं माझंही मत आहे. पण गंमत बघा. इलाक्याची सरासरी एकेकट्याला लावा म्हणणारे दांडेकर, सरासरी एकेकट्याला लावू नका म्हणणारे सुखात्मे, आणि दोघांचीही गणितं बरोबर. सिद्धांत तुम्हाला सरासरी देतो, तिची चूक देतो. ती कुणावर लावायची, हा निर्णय सूत्रात सापडत नाही, तो कुणीतरी घेतलेला असतो.

आमच्या तालुक्यात सध्या मागणी आहे की मंडळ नको, गाव हे एकक करा. संख्याशास्त्राचा याला विरोध असेल असं दाजींना वाटत होतं. तसा तो नाही. योजनेच्या नियमांत मंडळाला किमान दहा प्रयोग आणि गावाला मुख्य पिकांसाठी किमान चार. प्लॉट कमी, म्हणजे आकडा जास्त हलणार, हे खरं. पण एका गावातली रानं एकमेकांसारखी जास्त असतात. तिथलं प्रमाण विचलन 3 ऐवजी 2 धरलं तर चार प्लॉटांची त्रुटी येते 1 क्विंटल, म्हणजे मंडळाएवढीच, आणि आकडा दाजींच्या रानाच्या कितीतरी जवळचा. फक्त मंडळात वीस गावं असतील तर दहाच्या जागी ऐंशी प्रयोग करावे लागतील, तेही सोयाबीन काढणीच्या त्या दोन आठवड्यांत, जेव्हा मजूरही मिळत नाही. तेवढी माणसं न देता ऐंशी प्रयोग मागितले तर त्यातले निम्मे शेतात न जाता टेबलावर होतील, आणि टेबलावरच्या आकड्याला प्रमाण त्रुटी नसते.

माझी स्वतःची मागणी यापेक्षा स्वस्त आहे. मंडळाची सरासरी लावता तशीच दहाही प्लॉटांची वजनं, गट नंबर आणि कापणीच्या तारखेसकट, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. एका आकड्याशी भांडता येत नाही, फक्त त्याला शिव्या देता येतात. दहा आकडे मिळाले की त्रुटी काढता येते, बाकीच्यांशी न जुळणारा एखादा प्लॉट दिसतो, त्या गटात त्या दिवशी कोण हजर होतं हे गावात विचारता येतं. वर्गमूळ काढायला दाजींना माझ्याकडे यायचीही गरज नाही. त्यांची पोरगी यंदा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिला हे माझ्यापेक्षा लवकर जमतं.